अंगठा

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
काजूच्या दुकानावरच्या माडीवर
नव्वद दिवसांचा वर्ग होता : मसाज आणि त्वचेची निगा.
दारातच हजेरीचं यंत्र.
बाकीच्या अकराजणी अंगठा टेकवायच्या,
हिरवा दिवा, की आत.
माझ्या वेळी लाल.
ओढणीला पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

सात वर्षं काजू फोडलेत मी फॅक्टरीत.
राख लावली तरी टरफलाचं तेल चिकटतंच,
त्याने आधी कातडी खाल्ली, मग रेषा.

फिलोमिनाबाई बाहेर आल्या,
माझा अंगठा खिडकीच्या उजेडाला धरून
दागिना पारखावा तसा पाहिला.
"मशीन तुका वळखणा नाय," म्हणाल्या.
"रवांदे. आंग वळखतला."
आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं :
दिपश्री गिरप, हजर.

पहिला महिनाभर अंगाला हात लावू दिला नाही कुणाच्या.
नखं कापा. टॉवेल घड्या करा.
तेल मनगटावर टाकून बघा, मग बोला.
किनाऱ्यावरून ओली वाळू आणायची,
गोणत्यात भरून चादरीत गुंडाळून टेबलावर निजवायची,
आणि दाबायचं.
हात उचलला की बाई वाकून ठसा बघत,
पाची बोटं सारखी उतरली का ते.
"बोटांनी नको गो, कंबरेतसून ये.
वल्हा काय नुसत्या हातान मारतत?"

मग आम्ही एकमेकींवर.
शिरोड्याची मनवा गुदगुल्यांनी हसत सुटली,
हसता हसता रडायला लागली.
आम्ही सगळ्या खांबासारख्या उभ्या.
बाईंनी विचारलं काही नाही.
पंखा बंद केला, तिच्या पावलांवर टॉवेल घातला,
आणि घोट्यावर हात ठेवून
बसून राहिल्या, पार दुपारचा भोंगा होईपर्यंत.
तो तास वेळापत्रकात नव्हता.

चेहऱ्याच्या दिवशी मला मिळाल्या सुमतीकाकी.
मुलाचं लग्न तोंडावर,
आणि डाव्या गालावर स्टोव्हचा जुना भडका.
माझी बोटं कपाळावरून आली, नाकावरून आली,
आणि डागाशी येऊन
रस्ता बदलून गेली.
मागून आवाज, अगदी हळू :
"चुकवू नको. चुकवलेला कळता."

तिथली कातडी कशी होती सांगू?
काजूगरावरच्या तांबूस सालीसारखी,
पातळ, ताणलेली, जरा चुकलं तर गर मोडेल अशी.
आणि ती साल तर मी
सात वर्षं सोडवत आले होते, गर अख्खा ठेवून.
तेवढंच बळ लावलं.
जास्त नाही. कमी तर नाहीच.

काकी घोरायला लागल्या.
मला वाईट वाटलं, इतकी मेहनत, आणि ह्या झोपल्या!
बाई म्हणाल्या, "ह्या तुजा सर्टिफिकेट."
खरं सर्टिफिकेट चार महिन्यांनी आलं.
त्यात माझं नाव चुकलेलं होतं.

आता वर्ग मी घेते.
यंत्र बंद पडलंय, आम्ही त्यावर नॅपकिन वाळत घालतो.
या खेपेला उभादांड्याची नाझनीन आलीय,
कोलंबी सोलून सोलून बोटांना चिरा पडलेली,
नाव विचारलं तरी हात ओढणीत लपवणारी.
तिला काही सांगितलं नाही मी. वाळू आणायला पाठवलं.

फिलोमिनाबाई गुरुवारी येतात.
अंगठ्याचे सांधे सुजलेत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.
काल टेबलावर पालथ्या झोपल्या, डोळे मिटून,
आणि मी नाझनीनला खुणेनेच पुढे केलं.

ती खांद्यापाशी थांबली. श्वास घेतला.
कंबरेतून आली.

मी खिडकीपाशी टॉवेलच्या घड्या करत होते.
"आज घाई कित्याक गो, दिपश्री?"
बाई टेबलातच तोंड खुपसून म्हणाल्या.

नाझनीनने माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
तिने हात थोडा सावकाश केला.